१० लायसन्स, २६ मशीन: नेटवर्क लायसन्स मोजतं कोण, आणि सातच जण बसलेले असताना "फुल्ल" का दाखवतं?

प्रश्न: केबल_कपाट

नमस्कार मंडळी. डिझाइन ऑफिस, दोन मजले, २६ विंडोज मशीन. एका थ्री-डी कॅडचे (डिझाइन सॉफ्टवेअरचे) १० फ्लोटिंग लायसन्स आहेत, म्हणजे कुठल्याही मशीनवर, पण एका वेळी दहाच. फ्लेक्सनेट या लायसन्स मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारे. लायसन्स सर्व्हर तळमजल्यावरच्या विंडोज सर्व्हरवर आहे. आधीचा सिस्टीमवाला सोडून गेला, हस्तांतर म्हणून एक पासवर्डची चिठ्ठी मिळाली, बाकी काही नाही.

अडचणी अशा:

१. सकाळी अकराच्या सुमाराला सात जण काम करत असतात आणि आठव्याला उणे ४ चा एरर येतो, "लायसन्स्ड नंबर ऑफ यूजर्स ऑलरेडी रीच्ड". सात मी स्वतः डोकी मोजून सांगतोय.

२. वरचा मजला वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) आहे, मधे फायरवॉल. सर्व्हर रीस्टार्ट केला की कधी वरच्यांना लायसन्स मिळतं, कधी उणे १५ (सर्व्हरशी जोडणी होत नाही). खालच्यांना मात्र कायम मिळतं. पोर्ट २७००० फायरवॉलमध्ये उघडलेला आहे, दोनदा तपासला.

३. तिघे घरून व्हीपीएनवर येतात. सॉफ्टवेअर उघडायला दीड-दोन मिनिटं लागतात, कधी उघडतच नाही.

४. साहेबांचा प्रश्न: २६ च्या २६ मशीनवर इन्स्टॉल केलंय, ते नियमात बसतं का?

आणि मुळात हे १० मोजतं कोण? कॅड मोजतं, सर्व्हर मोजतो की इंटरनेटवर कंपनी मोजते?

---

नोडलॉक

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो कळला की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं.

सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम चालतात, एक नाही. पहिला एलएमजीआरडी. हा फाटकावरचा वॉचमन. क्लायंट त्याच्याकडे २७००० वर येतो, "अमुक कंपनीचं लायसन्स पाहिजे" म्हणतो, आणि वॉचमन त्याला सांगतो, "त्या खिडकीवर जा." ती खिडकी म्हणजे व्हेंडर डीमन, सॉफ्टवेअर कंपनीने स्वतःचा बनवून दिलेला दुसरा प्रोग्रॅम. मोजणी तो करतो, स्वतःच्या मेमरीत. एलएमजीआरडीला १० काय आणि १०० काय, काही देणंघेणं नाही. साध्या फ्लोटिंग फाइलमध्ये इंटरनेटवरही कुणी मोजत बसलेलं नसतं.

डीमन मोजतो ते लायसन्स फाइल वाचून. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वर सर्व्हरची ओळ: मशीनचं नाव, होस्ट आयडी (बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस) आणि पोर्ट. मग व्हेंडरची ओळ. त्याखाली फीचर किंवा इन्क्रिमेंटच्या ओळी: मॉड्यूलचं नाव, डीमनचं नाव, आवृत्ती, मुदत, संख्या, आणि शेवटी साइन म्हणून लांबलचक आकडे-अक्षरं. ती डिजिटल सही. संख्या, मुदत आणि होस्ट आयडी त्या सहीत बांधलेले असतात. कुणी १० चं १२ केलं की सही जुळत नाही आणि उणे ८ येतो. मशीनचं नाव, पोर्ट आणि डीमनचा पाथ मात्र सहीबाहेर आहेत. तेवढंच तुम्ही बदलू शकता, आणि दुसऱ्या अडचणीचं उत्तर तिथेच आहे.

लायसन्स मिळालं की क्लायंट आणि डीमन यांच्यात टीसीपी कनेक्शन उघडं राहतं. कॅड बंद केलं किंवा क्रॅश झालं की कनेक्शन तुटतं आणि डीमन लायसन्स परत जमा करतो. शिवाय क्लायंट ठराविक वेळाने, सहसा दर १२० सेकंदांनी, "मी आहे" म्हणून हार्टबीट पाठवतो. डीमन रीस्टार्ट केला तर त्याची मेमरी कोरी होते, मग चालू असलेले क्लायंट पुढच्या हार्टबीटला पुन्हा रांगेत येऊन आपापलं लायसन्स घेतात. म्हणून भर दुपारी सर्व्हर रीस्टार्ट करायचा नाही. त्या दोन मिनिटांत बाहेर ताटकळणारा आठवा आत घुसतो आणि आधीपासून काम करणारा बाहेर पडतो.

---

पोर्टवाला

उणे १५ चं कारण नोडलॉकने जवळपास सांगितलंच. वॉचमनचं दार उघडं, खिडकी बंद.

एलएमजीआरडीचा पोर्ट सर्व्हरच्या ओळीत लिहिलेला असतो (नसेल तर २७००० ते २७००९ मधला जो मोकळा तो). पण व्हेंडर डीमनचा पोर्ट लिहून दिला नसेल तर तो दर रीस्टार्टला विंडोज देईल तो पोर्ट उचलतो. आज ४९,६८२, उद्या ५१,२०७. तळमजल्यावर मधे फायरवॉल नाही म्हणून त्यांना फरक पडत नाही. तुमच्या फायरवॉलमध्ये कुणीतरी कधीतरी एक मोठी रेंज उघडून ठेवली असणार. पोर्ट त्या रेंजमध्ये पडला की वरचे खूश, नाही पडला की उणे १५, कधी उणे ९६.

उपाय दहा मिनिटांचा, संध्याकाळी सगळे गेल्यावर (कमांड आणि कीवर्ड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमनमध्येच):

लायसन्स फाइलची प्रत काढून ठेवा. व्हेंडरच्या ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन पोर्ट=२७०११ लिहा. बराबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. २७००० ते २७००९ या दहामधला आकडा घेऊ नका, ते एलएमजीआरडीसाठी सोडा. फाइल सेव्ह करताना नोटपॅड शेवटी डॉट टीएक्सटी चिकटवत नाही ना ते पाहा, यात पुष्कळांची संध्याकाळ गेली आहे.

मग एलएमटूल्स (सर्व्हरवरचं फ्लेक्सनेट चालू-बंद करायचं टूल) उघडा, स्टॉप सर्व्हर (फोर्सची खूण करून), मिनिटभर थांबा, स्टार्ट. लगेच स्टार्ट केलं तर जुना पोर्ट विंडोजने अजून टाइम-वेटमध्ये धरून ठेवलेला असतो आणि डीमन उठत नाही. नेटस्टॅटमध्ये (वापरातले पोर्ट दाखवणारी कमांड) तो जुना पोर्ट दिसेनासा झाला की मगच स्टार्ट.

फायरवॉलमध्ये दोन्ही टीसीपी पोर्ट उघडा, मधल्या फायरवॉलवरही आणि सर्व्हरच्या विंडोज फायरवॉलवरही. नंतर वरच्या मजल्यावरच्या मशीनवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, सर्व्हरचं नाव, -पोर्ट २७०११. ट्रू आलं पाहिजे. २७००० चं ट्रू बघून समाधान मानू नका, तुमची चूक तिथेच झाली होती.

---

लॉगबुक

पहिल्या अडचणीसाठी डोकी मोजून उपयोग नाही. डीमन डोकी मोजत नाही, चेकआउट म्हणजे दिलेली लायसन्स मोजतो. सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एलएमयूटिल एलएमस्टॅट -ए -सी आणि पुढे २७०००@सर्व्हरचं नाव टाका, तीही अकरा वाजता, एरर येत असतानाच. संध्याकाळी काढलेला आउटपुट काही सांगणार नाही.

बघायच्या गोष्टी:

कोणतं फीचर भरलंय? मूळ मॉड्यूल १० आणि शीटमेटल किंवा मोल्डचं मॉड्यूल २, असं असतं. सॉफ्टवेअर उघडतानाच ते जोड-मॉड्यूल उचलण्याची सेटिंग चालू असेल तर पहिले दोघं सकाळीच ते घेऊन बसतात आणि तिसऱ्याला उणे ४ येतो. एररच्या खिडकीत फीचरचं नाव लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही.

एकच माणूस दोन मशीनवर आहे का? फीचरच्या ओळीत डप_ग्रुप=यूएच असेल तर त्याच माणसाचे त्याच मशीनवरचे तीन सेशन मिळून एक लायसन्स धरलं जातं, पण मशीन बदललं की दुसरं. ते डप_ग्रुप कंपनी ठरवते, आपण नाही.

आणि प्रत्येक नावापुढचा स्टार्ट टाइम. त्यात महिना आधी, तारीख नंतर.

---

केबल_कपाट

पोर्टवाला, शुक्रवारी संध्याकाळी केलं. सकाळपासून वरच्या मजल्यावरून तक्रार नाही. धन्यवाद.

आज सोमवार, अकरा दहाला काढलेला एलएमस्टॅट. नावं बदलली आहेत:

यूजर्स ऑफ बेस: (टोटल ऑफ १० लायसन्सेस इश्यूड, टोटल ऑफ १० लायसन्सेस इन यूज)
डिझाइन१ पीसी-०२, स्टार्ट सोम ७/१४ ९:०८
डिझाइन२ पीसी-०४, स्टार्ट सोम ७/१४ ९:१२
डिझाइन४ पीसी-०५, स्टार्ट सोम ७/१४ ९:१५
डिझाइन५ पीसी-०९, स्टार्ट सोम ७/१४ ९:३१
डिझाइन८ पीसी-१४, स्टार्ट सोम ७/१४ ९:४०
डिझाइन९ पीसी-१७, स्टार्ट सोम ७/१४ १०:०२
साहेब पीसी-०१, स्टार्ट सोम ७/१४ १०:२५
डिझाइन६ पीसी-११, स्टार्ट शनि ७/१२ १७:५५
२ रिझर्व्हेशन्स फॉर यूजर साहेब

शेवटची ओळ काय आहे? आणि साहेब तर वर दिसतायत, मग त्यांच्यासाठी आणखी दोन कशाला?

---

लॉगबुक

७/१२ वाचून कुणाला तरी उतारा आठवणार. १२ जुलै, शनिवार, जाण्याच्या वेळेला. पीसी-११ वर कॅड उघडं ठेवून, स्क्रीन लॉक करून माणूस गेलाय आणि आज बहुधा रजेवर आहे. एक हिशेब लागला.

दुसरा हिशेब शेवटच्या ओळीत. लायसन्स फाइलच्याच फोल्डरमध्ये सहसा डीमनच्याच नावाची, डॉट ओपीटी एक्स्टेन्शनची फाइल सापडेल. ती ऑप्शन्स फाइल. तिच्यात रिझर्व्ह २ बेस यूजर आणि पुढे साहेबांचं नाव, अशी ओळ असणार. तुमच्या आधीच्या माणसाने साहेबांना कधी ताटकळावं लागू नये म्हणून घातलेली.

रिझर्व्ह म्हणजे रेल्वेच्या आरक्षित डब्यासारखं. माणूस येवो न येवो, जागा धरलेलीच. साहेब साइटवर असले तरी दोन लायसन्स मोजणीत "वापरात". पण इथे गंमत पुढची आहे. साहेब आत असूनही दोन्ही आरक्षणं रिकामी आहेत, म्हणजे ते आरक्षणातून न जाता सर्वसाधारण रांगेतून आत गेलेत. नाव जुळत नाहीये. ऑप्शन्स फाइल लहान-मोठी अक्षरं वेगळी धरते. फाइलमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल असेल आणि विंडोजचं लॉगिन सगळं स्मॉलमध्ये, तर डीमनच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. तुमच्या आउटपुटच्या मूळ रोमन प्रतीत तो फरक दिसेल, तपासा.

सात माणसं, एक लॉक केलेलं पीसी-११, दोन भुताच्या जागा. झाले दहा.

---

केबल_कपाट

अगदी तसंच निघालं. कॅपिटल अक्षर. दोन वर्षं ही ओळ तशीच पडून होती, आणि मधल्या काळात "लायसन्स पुरत नाहीत" म्हणून अकरावं-बारावं घ्यायचं कोटेशनही मागवून झालं होतं.

रिझर्व्ह काढून टाकतो. पीसी-११ चं लायसन्स एलएमरिमूव्ह या कमांडने सोडवलं, पण दोन मिनिटांत पुन्हा त्याच नावावर दिसायला लागलं!

---

नोडलॉक

दिसणारच. एलएमरिमूव्हने डीमनने त्याचं नाव खोडलं, पण पीसी-११ वरचं कॅड जिवंत आहे. पुढच्या हार्टबीटला त्याला कळलं की आपलं लायसन्स गेलं, जागा मोकळी दिसली, घेतली परत. एलएमरिमूव्ह मेलेल्या मशीनसाठी असतं. वीज गेली, केबल निघाली, विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकलं, अशा वेळी क्लायंट निरोप न घेता जातो आणि सर्व्हरला कनेक्शन उघडंच वाटतं. विंडोजचा टीसीपी कीप-अलाइव्ह मुळात दोन तासांचा, त्यामुळे तेवढा वेळ लायसन्स लटकून राहू शकतं. तिथे एलएमरिमूव्ह कामाचं.

माणूस उठून गेलाय आणि कॅड उघडं आहे, यावर औषध टाइमआउट. ऑप्शन्स फाइलमध्ये टाइमआउट बेस ३६०० लिहिलं की तासभर निष्क्रिय राहिलेल्याचं लायसन्स डीमन काढून घेतो. आकडा सेकंदांत. सगळ्या फीचरना एकच मुदत हवी तर टाइमआउटऑल ३६००. किमान मर्यादा कंपनी ठरवते, सहसा ९०० सेकंद. त्याखालचा आकडा लिहिलात तरी किमानच धरला जातो.

दोन सावधगिऱ्या. निष्क्रिय कशाला म्हणायचं ते कॅड स्वतः ठरवून डीमनला कळवतं. काही सॉफ्टवेअर कळवतच नाहीत, तिथे टाइमआउटची ओळ लिहूनही काही होत नाही. आणि तास पुरेसा आहे, पंधरा मिनिटं ठेवू नका. चहाला गेलेला माणूस परत येऊन पाहतो तर लायसन्स दुसऱ्याकडे, अर्धवट असेंब्ली स्क्रीनवर, आणि मग फोन तुम्हाला.

साहेबांसाठी काही हवंच असेल तर रिझर्व्ह १ पुरे, तेही ग्रुप करून. ऑप्शन्स फाइलमध्ये आधी ग्रुपकेसइन्सेन्सिटिव्ह ऑन, मग ग्रुप वरिष्ठ आणि नावं, मग रिझर्व्ह १ बेस ग्रुप वरिष्ठ. लहान-मोठ्या अक्षरांची सूट फक्त ग्रुपमधल्या नावांना मिळते, सुट्या यूजरच्या ओळीला नाही, हे लक्षात असू द्या. माझं मत विचाराल तर रिझर्व्ह नकोच. शिकाऊ मंडळींवर मॅक्स लावा, मॅक्स ३ बेस ग्रुप ट्रेनी. जागा रिकामी पडत नाही आणि गर्दीत शिकाऊंनी सगळ्या जागा अडवून ठेवायचं थांबतं.

इन्क्लूडपासून मात्र जपून. एखाद्या फीचरला इन्क्लूडची एक जरी ओळ लिहिली तर यादीत नसलेला प्रत्येक जण बाहेर, त्यांना उणे ३९. एक्सक्लूडमध्ये ज्याचं नाव त्याला उणे ३८. दोन्हीकडे नाव आलं तर एक्सक्लूड जिंकतो.

बदल केल्यावर बहुतेक ठिकाणी एलएमरीरीड (फाइली पुन्हा वाचायला लावणारी कमांड) पुरतं. सर्व्हरच्या ओळीतलं नाव किंवा पोर्ट बदलला असेल तर पुरत नाही, पूर्ण स्टॉप-स्टार्ट करावं लागतं.

---

घरबसल्या_ग्रिड

व्हीपीएनचं राहिलं.

दीड मिनिट लागण्याचं कारण सहसा सर्व्हर नसतो, क्लायंटवरचा जुना पत्ता असतो. फ्लेक्सनेट लायसन्स शोधताना कंपनीच्या नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतो, मग एलएम_लायसन्स_फाइल बघतो, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, फ्लेक्सएलएम लायसन्स मॅनेजर या कीमध्ये साठलेले जुने पत्तेही बघतो. तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या सर्व्हरचं नाव तिथे पडून असतं, आणि क्लायंट प्रत्येक पत्त्यावर वाट बघत बसतो. ऑफिसच्या नेटवर्कवर तो नकार झटकन येतो, व्हीपीएनवर मात्र उत्तरच येत नाही म्हणून पूर्ण मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. तिन्ही ठिकाणं साफ करून एकच पत्ता ठेवा: २७०००@सर्व्हरचं पूर्ण डोमेनसह नाव. पोर्ट लिहायला विसरू नका, नाही तर तो २७००० ते २७००९ दहाही दारं ठोठावतो.

आयपी लिहून भागवू नका. वॉचमनकडून खिडकीचा पत्ता मिळतो तेव्हा सर्व्हरचं नाव लागू शकतं, आणि व्हीपीएनवर ऑफिसचा डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) मिळत नसेल तर त्या नावाचा पत्ता लागत नाही. पिंग आयपीला लागतो, नावाला लागत नाही, अशी परिस्थिती असेल तर घरच्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरचा आयपी आणि नाव अशी एक ओळ घाला.

आणि घरच्या मशीनवर फ्लेक्सएलएम_टाइमआउट नावाचं सिस्टीम व्हेरिएबल, किंमत ५०००००० करा. हा आकडा मायक्रोसेकंदांत आहे, म्हणजे पाच सेकंद. ५ लिहून ठेवलेली मशीन बरीच पाहायला मिळतात.

व्हीपीएन वारंवार तुटत असेल तर बॉरो बघा. फीचरच्या ओळीत बॉरो हा शब्द असेल तरच चालतं. ऑफिसच्या नेटवर्कवर असताना लायसन्स ठराविक दिवसांसाठी लॅपटॉपवर उसनं घ्यायचं, मग सर्व्हर दिसला नाही तरी चालतं. पण बॉरो केलेलं लायसन्स एलएमरिमूव्हने सोडवता येत नाही. लॅपटॉप चोरीला गेला, डिस्क फॉरमॅट केली, तरी मुदत संपेपर्यंत तुमच्या दहातलं एक गेलं. म्हणून ऑप्शन्स फाइलमध्ये बॉरो_लोवॉटर बेस ७ लिहा. सात लायसन्स कायम ऑफिसात राहतात, उसने जास्तीत जास्त तीन.

---

तिसरा_खांब

एक प्रश्न मधेच घुसवतो. हा एकच सर्व्हर मेला तर सगळे २६ बसून राहणार. तीन सर्व्हरची जोडणी करावी का?

---

नोडलॉक

१० लायसन्ससाठी नको.

तीन सर्व्हर म्हणजे लायसन्स तिप्पट होत नाहीत, दहाच राहतात. तीनपैकी दोन चालू असले तरच लायसन्स मिळतं. एक पडला तर चालतं, दोन पडले तर तिसरा जिवंत असूनही काही उपयोगाचा नाही. तिघांचे होस्ट आयडी एकाच फाइलमध्ये, तिघांना कायम एकमेकांशी बोलावं लागतं, आणि मधलं स्विच अडखळलं की तिघांत मालक कोण यावरून गोंधळ. वर त्यांना एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर ठेवतात लोक. म्हणजे पडायचे तर तिघे एकदमच पडणार.

त्यापेक्षा सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर न्या आणि तिचा बॅकअप ठेवा. कंपनीच्या करारात व्हर्च्युअल मशीन चालतं का ते आधी बघा. मॅक अ‍ॅड्रेस हायपरव्हायझरमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्थिर करून ठेवा. डायनॅमिक राहिला तर मशीन दुसऱ्या होस्टवर सरकल्यावर बदलू शकतो आणि सकाळी सगळ्यांना उणे ९, इनव्हॅलिड होस्ट. त्याच मॅकची दुसरी प्रत एकाच वेळी चालू करणं म्हणजे १० चे २० करणं, ते करारभंगात जातं. बॅकअप बंद अवस्थेतच पडून असला पाहिजे.

होस्ट आयडी देताना वायफाय, यूएसबी-लॅन किंवा डॉकिंग स्टेशनचा मॅक देऊ नका. एलएमहोस्टआयडी ही कमांड चालवली की चार-पाच मॅक एकत्र येतात, त्यात कोणता मदरबोर्डवरचा ते ओळखून द्या.

घड्याळ मागे करायचं नाही. चाचणीसाठी सर्व्हरची तारीख पुढे नेली, काही फाइली त्या तारखेने बनल्या, मग तारीख परत आणली, की उणे ८८, सिस्टीम क्लॉक सेट बॅक.

---

अकरावा_गडी

साहेबांच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून.

फ्लोटिंगमध्ये बहुतेक करारांत इन्स्टॉल कितीही मशीनवर करता येतं, एका वेळी चालू किती हे मोजलं जातं. पण तुमचा करार वाचा, विशेषतः ठिकाणाची अट. एकाच इमारतीपुरतं, एकाच देशापुरतं, अशा अटी असतात. डीमन त्या तपासत नाही, तो दुबईतून व्हीपीएनवर आलेल्यालाही लायसन्स देईल. डीमनने दिलं म्हणजे करारात बसलं, असं होत नाही. ऑडिटमध्ये नेमकं इथेच सापडतात लोक. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्यासाठी वेगळं कलम आहे, ६३ब: किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. क्रॅक केलेल्या डीमनवाल्यांनी ते वाचून ठेवावं.

शिवाय सगळी सॉफ्टवेअर अशीच मोजतात असं समजू नका. त्याच २६ मशीनवर बघा:

विंडोजचा केएमएस (ऑफिसातली विंडोज मशीन अ‍ॅक्टिव्हेट करणारा सर्व्हर) अगदी उलट वागतो. पोर्ट १६८८. तो जास्तीत जास्त किती हे मोजतच नाही, कमीत कमी मोजतो. २५ वेगळ्या विंडोज क्लायंट मशीननी विचारल्याशिवाय एकालाही अ‍ॅक्टिव्हेट करत नाही, ऑफिससाठी ती संख्या ५. एकदा मिळालं की १८० दिवस, दर सात दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न. ३० ची खरेदी असेल आणि ३०० मशीन आली तरी तो सगळ्यांना हसतमुखाने देतो. तिथे हिशेब ठेवायचा तो तुम्हीच.

रिमोट डेस्कटॉपचे सीएएल (सर्व्हर वापरायचे क्लायंट लायसन्स) अर्धे-अर्धे. लायसन्स सर्व्हर न नेमता १२० दिवस चालतं आणि १२१ व्या दिवशी बंद. पर-डिव्हाइस सीएएल खरोखर मोजले जातात, पर-यूजर मोजून अडवले जात नाहीत. म्हणून पर-यूजरवाले निर्धास्त असतात, ऑडिटपर्यंत.

हिरव्या-जांभळ्या यूएसबी डोंगलवाली, म्हणजे सेंटिनेल: पोर्ट १९४७, आपल्याकडे हा आकडा विसरायची सोय नाही. नेटवर्क डोंगल ब्रॉडकास्टने शोधलं जातं आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही, त्यामुळे वरच्या मजल्याला डोंगल दिसणार नाही. वरच्या मशीनवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:१९४७ उघडून, कॉन्फिगरेशनमध्ये रिमोट लायसन्स सर्व्हरच्या खान्यात डोंगलच्या मशीनचा पत्ता हाताने टाका.

---

केबल_कपाट

साहेबांना कळवतो. करार शोधायला घेतलाय, अकाउंट्सच्या कपाटात असावा.

शेवटचं. कोटेशनचं काय करू? दहा खरोखर पुरतात का, हे आकड्यात कसं दाखवायचं?

---

लॉगबुक

एलएमटूल्समध्ये कॉन्फिग सर्व्हिसेसच्या टॅबवर डीबग लॉगचा पाथ आहे. पाथच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर प्रत्येक रीस्टार्टला जुना लॉग पुसला जातो. चिन्ह लावा, सर्व्हिस सेव्ह करा, पुढच्या स्टॉप-स्टार्टपासून लॉग साठत जाईल.

महिनाभर थांबा, मग त्यात डिनाइड शब्द शोधा. ओळ साधारण अशी दिसते:

११:१४:०७ (डीमन) डिनाइड: "बेस" डिझाइन७@पीसी-१२ (लायसन्स्ड नंबर ऑफ यूजर्स ऑलरेडी रीच्ड. (-४,३४२))

ओळी सरळ मोजून साहेबांपुढे ठेवू नका. आकडा भलताच फुगतो. नकार आला की माणूस आयकॉनवर पाच वेळा क्लिक करतो, पाच ओळी पडतात. काही सॉफ्टवेअर आधी मोठं पॅकेज मागतात, नाही मिळालं की धाकटं मागून सुरळीत उघडतात. त्यातही डिनाइड पडतो, प्रत्यक्षात कुणाचं काही अडलेलं नसतं. म्हणून एकाच माणसाचे पंधरा मिनिटांतले सगळे नकार एक धरा, आणि त्याच पंधरा मिनिटांत त्याच नावाची आउट ओळ (लायसन्स मिळाल्याची नोंद) आली असेल तर तो नकार यादीतून काढून टाका. उरतात ते खरे.

लॉगमध्ये वेळ असते, तारीख प्रत्येक ओळीत नसते. मधूनमधून टाइमस्टॅम्पच्या ओळी येतात, त्यावरून दिवस लावावा लागतो. एक्सेलमध्ये ओढताना तिथे चुकू नका. आणि मोजणी रिझर्व्ह काढल्याच्या तारखेपासूनच सुरू करा. त्याआधीचे नकार दहाचे नव्हतेच, आठचे होते.